मुखवटा घालण्याचे धैर्य

सहा फूट उंचीचा एक तगडा माणूस खुर्चीत बसून शांतपणे लोकर विणतो आहे. दोन सुया सराईतपणे चालताहेत, मांडीवरचा लोकरीचा गुंडा हळूहळू लहान होतो आहे. कधी पायमोजे, कधी बनियन, कधी डोक्याला घट्ट बसणारी लोकरीची टोपी. आजूबाजूला त्याचे सहकारी आहेत. दात पडलेले, नाक मोडलेले, रांगड्या थट्टामस्करीत रमलेले. या विणकामावरून त्याची टिंगल होतेच. पण त्याच्या सुया काही थांबत नाहीत.

हा माणूस म्हणजे जाक प्लांत. कॅनडातील फ्रेंचभाषक क्विबेक प्रांतात जन्मलेला आणि आइस हॉकीच्या इतिहासात सर्वश्रेष्ठ गोलरक्षकांत गणला जाणारा खेळाडू. १९८६ मध्ये तो गेला. त्याच्या नावावरचे चषक आणि करंडक मोजायला एका हाताची बोटे पुरत नाहीत. पण मला त्याच्याविषयी लिहावेसे वाटते ते त्या चषकांमुळे नव्हे. एका रात्री त्याने आपल्या चेहऱ्यावर एक साधा मुखवटा चढवला, आणि धैर्य कशाला म्हणावे याविषयी त्या खेळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत मोडून काढली, म्हणून.

आपल्याकडे लडाख आणि हिमाचलमधल्या गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी खेळतात. इतरांनी ती बहुधा दूरदर्शनच्या पडद्यावरच पाहिलेली असते. म्हणून आधी खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. बर्फाच्या मैदानावर दोन्ही संघांचे सहा-सहा खेळाडू, पायांत धारदार पात्यांचे स्केट्स, हातांत वाकड्या टोकाच्या काठ्या. चेंडूऐवजी टणक रबराची काळी चकती असते. तिला पक म्हणतात. व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन साधारण आपल्या क्रिकेटच्या चेंडूइतके. बर्फावर ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. मग ती दगडासारखी होते. अशी चकती ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोलाकडे येते, आणि तिला अडवायला मध्ये उभा असतो एकटा गोलरक्षक.

त्याच्या पायांना जाडजूड पॅड, छातीला आवरण, हातांत मोठे मोजे. पण १९५९ पर्यंत तोंड मात्र उघडे असे. चकती तोंडावर बसली की तो आत जाई, टाके घालून घेई आणि पुन्हा गोलात येऊन उभा राही. टेरी सॉचक या थोर गोलरक्षकाच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत चारशेच्या आसपास टाके पडल्याचे सांगतात. हे टाके म्हणजे जणू लढवय्याच्या अंगावरच्या जखमा. त्या मिरवायच्या, टाळायच्या नाहीत, असा दंडक होता.

जाकचा जन्म १७ जानेवारी १९२९ चा, नोत्र-दाम-द्यु-माँ-कार्मेल या गावाजवळच्या एका शेतघरातला. पुढे वडिलांना कारखान्यात काम मिळाले आणि कुटुंब शॉविनिगन फॉल्स या औद्योगिक गावात आले. धबधब्यावरची वीज आणि त्या विजेवर चालणारे कारखाने, हेच त्या गावाचे जीवन. घरात अकरा भावंडे आणि जाक सगळ्यांत थोरला. मंदीचा काळ. वडिलांच्या पगारात महिना ढकलणे म्हणजे आईच्या काटकसरीची परीक्षाच. थोरल्या मुलाच्या वाट्याला काय येते हे मोठ्या कुटुंबात वाढलेल्या वाचकांना सांगायला नकोच. धाकट्यांना खेळवायचे, स्वयंपाकात हात लावायचा, कपडे शिवायचे, लोकर विणायची. जाक हे सगळे शिकला. विणकाम हा त्याचा छंद पुढे झाला. आधी ती घराची गरज होती. थंडी हाडे गोठवणारी आणि विकतच्या टोप्या परवडणाऱ्या नाहीत, तेव्हा टोपी घरीच विणायची.

त्यातच या मुलाला दमा. थोडा वेळ स्केटिंग केले की धाप लागायची. लहानपणी शिडीवरून पडून मोडलेला हात नीट जुळला नव्हता, तेही एक अधू अंग. ज्या पोराला पळता येत नाही त्याला गोलात उभे करायचे, हा मुलांचा न्याय जगात सगळीकडे सारखाच. जाक गोलात उभा राहिला तो असा. वडिलांनी झाडाचे लाकूड तासून त्याला पहिली काठी करून दिली.

शाळेच्या संघात तो शिरला त्याचीही गंमत आहे. सराव चालला असताना प्रशिक्षक आणि गोलरक्षक यांच्यात वाजले आणि गोलरक्षकाला मैदानाबाहेर काढण्यात आले. बाहेर उभ्या असलेल्या जाकने, मी उभा राहू का, असे विचारले. संघातली मुले त्याच्याहून बरीच मोठी होती. पण त्याला आत घेतले गेले आणि ती जागा त्याने पुन्हा सोडली नाही. पुढे एका कारखान्याच्या संघाकडून तो खेळू लागला, तेव्हा वडिलांच्या सांगण्यावरून त्याने मोबदला मागितला. सामन्याला पन्नास सेंट ठरले. अट एकच, इतर खेळाडूंना हे कळता कामा नये. ही त्याची पहिली व्यावसायिक कमाई.

पायऱ्या चढत तो मॉन्ट्रिअल कॅनेडियन्स या नामांकित संघाच्या दारात पोहोचला. १९५२ च्या नोव्हेंबरात त्याला तीन सामन्यांसाठी बोलावणे आले. तो आला तो आपली स्वतः विणलेली लोकरीची टोपी घालूनच. प्रशिक्षक डिक अर्विन यांनी ती काढायला लावली. मोठ्या संघात असले चाळे चालणार नाहीत, असा त्यांचा खाक्या. टोपी गेली. माणूस राहिला.

पुढच्याच वसंतात त्याची कसोटी लागली. १९५३ च्या उपान्त्य मालिकेत शिकागोविरुद्ध मॉन्ट्रिअल तीन-दोन असे मागे पडले. आणखी एक पराभव म्हणजे घरचा रस्ता. अर्विन यांनी ऐन वेळी या नवख्या मुलाला गोलात उतरवले. स्केट्सच्या नाड्या बांधताना त्याचे हात थरथरत होते म्हणतात. पण तो सामना मॉन्ट्रिअलने तीन-शून्य असा जिंकला; एकही चकती आत गेली नाही. मालिका जिंकली आणि पुढे स्टॅन्ली चषकही. त्यानंतर वर्षभरातच तो संघाचा मुख्य गोलरक्षक झाला, आणि १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे तो चषक मॉन्ट्रिअलकडेच राहिला. सलग पाच चषकांचा तो विक्रम आजवर कोणालाही गाठता आलेला नाही. मोरिस रिशार, झां बेलिव्हो, डग हार्वी अशी एकाहून एक रत्ने त्या संघात होती. आणि मागे, गोलात, प्लांत.

त्याची खेळण्याची तऱ्हाही निराळी. गोलरक्षकाने आपली जागा सोडायची नाही हा तेव्हाचा नियमच समजा. प्लांत बेधडक गोल सोडून बाहेर येई, मागे जाऊन चकती थांबवी, बचाव करणाऱ्या आपल्या भिडूंना ओरडून सूचना देई. प्रेक्षकांच्या छातीत धस्स होई, प्रशिक्षक कपाळाला हात लावी. आज जगातला प्रत्येक गोलरक्षक तेच करतो. काही मैदानांवरच्या गोलांची उंची कमी-जास्त आहे, आडवी दांडी पाठीला नेहमीच्या जागी लागत नाही, अशी तक्रार त्याने केली तेव्हा लोक हसले. टेप लावून मोजले तर त्याचेच बरोबर निघाले! असा हा चिकित्सक, थोडासा विक्षिप्त, आपल्याच तंद्रीत राहणारा माणूस. टोरोंटोला गेले की त्याचा दमा उफाळे, म्हणून संघापासून वेगळा, दुसऱ्या हॉटेलात राही. प्रशिक्षक टो ब्लेक यांना ही थेरे मुळीच रुचत नसत. पण गोल वाचवणारा असा दुसरा माणूस जगात नव्हता, हेही ते जाणून होते.

चेहऱ्याने मात्र हिशेब चुकता केला होता. १९५४ मध्ये सरावात एक गालफड मोडले, पुढच्या वर्षी दुसरे. नाक तर चार वेळा मोडलेले. टाके दोनशेच्या घरात. सायनसची शस्त्रक्रिया झाल्यावर तो सरावापुरता मुखवटा वापरू लागला. तेवढ्यात फायबरग्लासच्या व्यवसायातल्या बिल बर्चमोर या गृहस्थांनी त्याला पत्र लिहिले. प्लांतला जखमी होताना त्यांनी सामन्यात पाहिले होते. चेहऱ्याचा साचा घेऊन त्यावर बेतलेला फायबरग्लासचा मुखवटा करता येईल, असे त्यांनी सुचवले. प्लांतने तोंडावर प्लास्टर थापून घेतले आणि मुखवटा तयार झाला. ब्लेक यांनी परवानगी दिली ती फक्त सरावासाठी. मुखवट्याने पायाजवळची चकती दिसत नाही, आणि भीती गेली की गोलरक्षकाची धारही जाते, असे त्यांचे मत.

इतर गोलरक्षकांना आपले तोंड प्यारे नव्हते का? होते. पण तेव्हा त्या लीगमध्ये संघ फक्त सहा होते आणि प्रत्येक संघ एकच गोलरक्षक बाळगी. म्हणजे नोकऱ्या सहा आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले तरुण शेकड्यांनी. भ्याला, असा शिक्का एकदा बसला की जागा गेलीच म्हणून समजा. क्लिंट बेनेडिक्टने १९३० मध्ये नाक मोडल्यावर काही सामने कातडी मुखवटा लावला होता. पण तो नीट दिसू देईना आणि प्रयोग तिथेच संपला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे कोणी तसे धाडस केले नव्हते. चकतीला न भिणारी ही माणसे लोकांच्या बोलण्याला भीत होती. आणि त्या भीतीमागे पोटाचा प्रश्न होता, हे विसरून त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटे झाली होती. न्यूयॉर्क रेंजर्सच्या अँडी बाथगेटने मारलेली चकती प्लांतच्या तोंडावर बसली. ओठापासून नाकपुडीपर्यंत चेहरा फाटला, बर्फ लाल झाला. त्याला आत नेऊन टाके घालण्यात आले. बाहेर हजारो प्रेक्षक खोळंबलेले. राखीव गोलरक्षक नाही. यजमानांनी दिलेला एखादा हौशी खेळाडू उभा करायचा, एवढाच पर्याय. ब्लेक आत आले. प्लांतने शांतपणे सांगितले की आपण खेळायला तयार आहोत, मात्र मुखवटा लावूनच.

ब्लेक संतापले, पण त्यांचाही नाइलाज होता. जखम भरली की मुखवटा काढायचा, या बोलीवर त्यांनी मान तुकवली. कातडीच्या रंगाचा, डोळ्यांना आणि तोंडाला भोके असलेला तो भुतासारखा मुखवटा चढवून प्लांत बर्फावर आला तेव्हा प्रेक्षक आवाक झाले. मॉन्ट्रिअलने तो सामना तीन-एक जिंकला. पुढचाही जिंकला. त्यापुढचाही. जखम भरली, पण प्लांत मुखवटा काढायला तयार होईना आणि जिंकणाऱ्या संघाचा गोलरक्षक बदलणे ब्लेक यांना शक्य होईना. मार्च १९६० मध्ये त्यांच्या आग्रहाखातर तो एकदा उघड्या तोंडाने उतरला. डेट्रॉइटने मॉन्ट्रिअलला तीन-शून्य हरवले. दुसऱ्या दिवसापासून मुखवटा पुन्हा आला तो कायमचा. त्या वर्षीचा चषक मॉन्ट्रिअलने एकही सामना न गमावता, ओळीने आठ जिंकून मिळवला.

गोष्ट इथेच संपली असती तर ती फार सोपी झाली असती. १९६०-६१ चा मोसम प्लांतला वाईट गेला. गोल होऊ लागले, त्याची धाकट्या संघात रवानगी झाली. टीकाकारांना हवे ते सापडले. मुखवट्यानेच त्याला ढिला केले, असे बोलले जाऊ लागले. खरे दुखणे गुडघ्यात होते. कूर्चा फाटली होती. शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या मोसमात तो सत्तरच्या सत्तर सामने खेळला. १९६२ मध्ये उत्तम गोलरक्षणाचा व्हेझिना करंडक त्याने सहाव्यांदा मिळवला आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडकही. यानंतर एखाद्या गोलरक्षकाला हार्ट करंडक मिळायला १९९७ साल उजाडावे लागले. इतकी वर्षे विचारला जाणारा प्रश्न, मुखवटा लावणारा भित्रा की नाही, त्या वर्षी आपोआप गळून पडला.

१९६३ मध्ये मॉन्ट्रिअलने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकले. व्यावसायिक खेळात माणसेही अशी अदलाबदलीच्या हिशेबात येतात. १९६५ मध्ये तो निवृत्त झाला. पण १९६८ मध्ये सेंट लुईसच्या नव्या संघाने बोलावले आणि तो परतला. ग्लेन हॉल या दुसऱ्या नामवंत गोलरक्षकाबरोबर त्याने व्हेझिना करंडक सातव्यांदा घेतला तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. १९७० च्या अंतिम मालिकेत बॉस्टनविरुद्ध एक चकती त्याच्या कपाळावर आदळली. मुखवटा फुटला आणि तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर, मुखवटा नसता तर आपण वाचलो नसतो, असे त्याने सांगितले. तो पुन्हा उभा राहिला. पुढच्या मोसमात टोरोंटोकडून, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सामन्यामागे सर्वांत कमी गोल देणारा गोलरक्षक तोच ठरला.

त्याच्या स्वभावातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे विद्या लपवून ठेवायची नाही हे त्याचे व्रत. टोरोंटोत बर्नी पॅरेंट या तरुण गोलरक्षकाला त्याने हाताशी धरून शिकवले. पुढे पॅरेंटने फिलाडेल्फियाला १९७४ आणि १९७५ असे दोन चषक मिळवून दिले. गोलरक्षणावर त्याने पुस्तक लिहिले. मुखवटे बनवण्याचा उद्योगही काढला. आणि १९७२ च्या सप्टेंबरात तर कमालच केली. कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांची ती गाजलेली मालिका मॉन्ट्रिअलमध्ये सुरू व्हायची होती. पहिल्या सामन्याआधी प्लांत दुभाष्याला घेऊन सोव्हिएत खेळाडूंच्या खोलीत गेला आणि व्लादिस्लाव त्रेत्याक या विशीतल्या गोलरक्षकाला, कॅनडाचा कोणता खेळाडू कुठून आणि कसा मारतो, हे फळ्यावर आकृत्या काढून समजावून आला. या पोराची आज धुलाई होणार, अशी दया त्याला आली असावी. सोव्हिएत संघाने तो सामना सात-तीन असा जिंकला! त्रेत्याकने हे ऋण पुढे आपल्या आत्मकथनात कृतज्ञतेने नोंदवले आहे.

खेळाचा शेवट दुःखात झाला. १९७५ मध्ये एडमंटन संघाचे सराव शिबिर चालू असताना धाकटा मुलगा गेल्याची बातमी आली आणि प्लांतने खेळ कायमचा सोडला. पुढे तो स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला. तरुण गोलरक्षकांना शिकवायला मात्र अमेरिका-कॅनडात जात-येत राहिला. १९७८ मध्ये हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले. पोटाच्या कर्करोगाने २७ फेब्रुवारी १९८६ रोजी जिनिव्हात तो वारला. वय अवघे सत्तावन्न. सिएर गावी त्याचे दफन झाले. एका स्पर्धेसाठी तिकडे आलेल्या क्विबेकच्या मुलांनी आपल्या हॉकीच्या काठ्या उंच धरून कमान केली आणि तिच्याखालून त्याची शवपेटी नेण्यात आली. १९९५ मध्ये मॉन्ट्रिअलने त्याचा एक क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्या संघात तो पुन्हा कोणी घालणार नाही.

मुखवट्याचे पुढे काय झाले? एकेक करत सगळ्यांनी तो स्वीकारला. त्या लीगमध्ये उघड्या तोंडाने खेळणारा शेवटचा गोलरक्षक अँडी ब्राउन. त्याचा तसा शेवटचा सामना १९७४ च्या एप्रिलमध्ये झाला. पंधरा वर्षांच्या आत, जे भित्रेपणाचे लक्षण होते ते साधे शहाणपण ठरले.

आपल्याला ही कथा परकी वाटू नये. प्लांतने मुखवटा चढवल्यावर तीन वर्षांच्या आतच, १९६२ च्या मार्चमध्ये, ब्रिजटाऊन येथे आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर ग्रिफिथचा चेंडू बसला. शस्त्रक्रियेने प्राण वाचले. कसोटी कारकीर्द मात्र संपली. आणि त्याच ब्रिजटाऊनमध्ये १९७८ साली ग्रॅहम यॅलप कसोटीत हेल्मेट घालून उतरला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली! मैदानेच कशाला, आपल्या रस्त्यांवर हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की पुण्यात काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळा, मानदुखी, केस गळणे अशी कारणे पुढे येतात. त्यांतली काही खरीही असतील. पण चौकात मित्रांसमोर हेल्मेट घालायला संकोचणाऱ्या तरुणाचे खरे कारण बहुधा यांतले नसते.

मुखवटा हा शब्द आपण सहसा ढोंगासाठी वापरतो. मुखवटा गळून पडला म्हणजे खरा चेहरा दिसला, असे म्हणतो. प्लांतच्या बाबतीत ते उलटे झाले. उघड्या तोंडाने उभे राहणे हेच तेव्हा सोंग होते. भीती नाही असे दाखवण्याचे, सगळ्यांनी मिळून वठवलेले सोंग. मुखवटा चढवून प्लांतने एवढेच कबूल केले की मला लागते, मला भीती वाटते, आणि तरीही मी उभा राहणार आहे.

हे बळ त्याला त्या एका रात्रीत मिळाले असेल असे मला वाटत नाही. रांगड्या सहकाऱ्यांच्या घोळक्यात सुया काढून निवांत विणत बसायची सवय ज्याला होती, त्याला हसण्याचे भय कधीच उरले नव्हते. अकरा भावंडांच्या घरात, थंडी वाजते तर टोपी विणावी, एवढे साधे गणित तो शिकला होता. चेहरा फुटतो तर तो झाकावा, हे त्याच गणिताचे पुढचे पाऊल. घरातल्या थोरल्या मुलाला आईने दिलेली ही शिकवण त्या खेळातल्या असंख्य गोलरक्षकांचे डोळे आणि चेहरे वाचवून गेली.